खिळ्यावरची चावी

हॉल ग्रीन, बर्मिंगहॅम
२४ फेब्रुवारी २०२५

उदय,

फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून पत्र लिहिते. व्हॉट्सॲपवर मला लिहायला सांगू नकोस. तिथे पुरणपोळीचा फोटो टाकता येतो, चार ओळी धड लिहिता येत नाहीत.

आज टपालात कोर्टाचा कागद आला. कौंटी कोर्ट, नॉर्थॅम्प्टन. वर यांचं नाव, पूर्ण. यांच्या नावाची पत्रं मी पन्नास वर्षांत कधी उघडली नाहीत, तुला ठाऊक आहे. शनिवारी सकाळी चहा झाला की सुरी घेऊन स्वतः एकेक फोडायचे. हे गेल्यापासून आलेली सगळी पत्रं मी तशीच त्यांच्या ट्रेमध्ये ठेवत होते. उदय निवांत आला की बघेल, असं मनात होतं. पण पाकिटावर कोर्ट वाचलं आणि उघडलं. मग ट्रेमधली कौन्सिलची दोन पाकिटंही उघडली. बस लेनमधून गाडी नेली म्हणून दंड. भरला नाही म्हणून वाढवला. तरी भरला नाही म्हणून कोर्टात नोंदवला.

उदय, बस लेन! एकतीस वर्षं अकरा नंबरची बस चालवलेला माणूस. मी त्यांच्या बसमध्ये चढले तर सगळ्यांच्या देखत म्हणायचे, "पास दाखवा, मॅडम." एकदा मी तो घरी विसरले तर खरंच तिकीट काढायला लावलं मला. आणि या माणसावर बस लेनचा दंड? कॅमेऱ्याने नंबर वाचताना चूक केली असणार. सप्टेंबरमध्ये जीपी डॉक्टरने गाडी चालवणं बंद करायला सांगितल्यापासून ती दारातच उभी आहे.

एकवीस दिवसांत कळवा असं लिहिलं आहे. माणूस गेल्यावरही कोर्ट त्याला विचारतं का? तू यातलं बघ. कागद सोबत पाठवते. कौन्सिलच्या पाकिटातली फोटोंची नोटीस माझ्याकडेच ठेवली आहे, फोटो अगदी बारीक आहेत, भिंग सापडलं की बघेन.

शिल्पाला आणि सान्वीला आशीर्वाद.

काकू

&nbsp;

मिल्टन कीन्स
१ मार्च २०२५

काकू, नमस्कार.

पत्र आणि कागद मिळाले. काळजी करू नका. हे दिसायला भयंकर असतं, पण कोर्टात उभं वगैरे कोणी राहत नाही. न भरलेले दंड कौन्सिल तिथे नोंदवतं, एवढंच. मशीनमधून निघाल्यासारखे तिथून कागद निघतात.

तुम्ही वाद घालू नका. कॅमेऱ्याची चूक, नंबरची चूक असं काही लिहू नका. त्यात फार वेळ जातो. मी सोमवारी कौन्सिलला फोन करून काका गेल्याचं कळवतो. ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूसच नाही म्हटल्यावर ते प्रकरण बंद करतील. तुम्ही फक्त मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत मला पाठवा. फोटोंची नोटीसही पाठवून द्या. तुमच्याकडे ठेवून उपयोग नाही.

इकडे सगळे ठीक. सान्वीची परीक्षा जवळ आली आहे. मी येईन म्हणतो, पण ऑफिसचं जमत नाही.

उदय

&nbsp;

हॉल ग्रीन
६ मार्च २०२५

उदय,

दाखल्याची प्रत सोबत आहे. नोटीस पाठवत नाही. कारण भिंग सापडलं.

गाडी आपलीच आहे. निळी, आणि मागच्या काचेवर सान्वीने लहानपणी चिकटवलेलं बदक. तारीख सहा नोव्हेंबर, वेळ अकरा बेचाळीस. मी कॅलेंडर काढून पाहिलं. बुधवार. ज्या दिवशी हे पडले तोच.

मी दोन दिवस यावर विचार करते आहे, आणि मला एकच उत्तर सापडतं. त्या दिवशी मी डे सेंटरला आम्हा म्हाताऱ्यांच्या जेवणाला गेले होते. तू यांच्याजवळ थांबायला ट्रेनने आला होतास, वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून तुझी मीटिंग चालली होती. तेवढ्यात हे उठले, गाडी घेऊन गेले, परत आणून लावली आणि स्वयंपाकघरात येऊन पडले. तुला ऐकू आलं नाही यात तुझा दोष नाही, ते तुला मी हॉस्पिटलमध्येही सांगितलं होतं.

दोष माझा आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. जीपीने मनाई केल्यावर चावी मी लपवली होती. रोज सकाळी तेच.

"चावी कुठे ठेवलीस?"

"तांदळाच्या डब्यात नाही."

"म्हणजे तांदळाच्या डब्यातच आहे."

हसायचे, पण डबा उघडायचे नाहीत. त्या बुधवारी सकाळी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अगं, मी हात नाही लावणार. नुसती खिळ्यावर असू दे. रिकामा खिळा बघवत नाही." मला काय वाटलं कोण जाणे. तांदूळ झटकून चावी काढली आणि फ्रीजशेजारच्या खिळ्यावर लावली. आणि त्याच दिवशी त्यांनी शब्द मोडला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी चावी लावली नसती तर ते गेले नसते, दमले नसते, पडले नसते. कंबरेचं हाड मोडलं नसतं, छातीत पाणी झालं नसतं. अकरा दिवसांत माणूस गेला. हे सगळं त्या खिळ्यापासून सुरू झालं.

आता एक मागते. नोटीसवर लिहिलंय की वेबसाइटवर नोटीसचा नंबर आणि गाडीचा नंबर टाकला की व्हिडिओ बघता येतो. मला तो बघायचा आहे. हे शेवटचे गाडी चालवताना त्यात असतील. मला दाखव. येशील तेव्हा लॅपटॉप आण.

काकू

&nbsp;

मिल्टन कीन्स
१३ मार्च २०२५

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. चावीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती आज ना उद्या खिळ्यावर आलीच असती. काका पडले कारण त्यांना चक्कर येत होती. डॉक्टरही तेच म्हणाले होते.

कौन्सिलशी बोललो. दाखला मिळेपर्यंत त्यांनी पुढचं काम थांबवलं आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, त्या वेळी गाडी कोण चालवत होतं. मी माहीत नाही म्हणालो. दाखल्याची प्रत मी या आठवड्यात पाठवतो. मग संपलं.

व्हिडिओ मी पाहिला. त्यात बघण्यासारखं काही नाही. दहा-बारा सेकंद आहे, गाडी मागून दिसते, आत कोण आहे ते दिसत नाही. तुम्हाला उगीच त्रास होईल. नका बघू.

उदय

&nbsp;

हॉल ग्रीन
१९ मार्च २०२५

उदय,

तू येत नाहीस म्हणून शेजारच्या तनिषाला बोलावलं. तिने फोनवर दोन मिनिटांत काढून दिला. "आंटी, शुअर ना?" असं तीनदा विचारलं तिने. पोर चांगली आहे, माझ्या हाताला धरून बसली होती.

तू म्हणतोस ते खरं आहे, चेहरा दिसत नाही. तरी मी सहा वेळा बघितला. पहिल्या वेळी गाडी दिसली आणि मला बरंच वाटलं. गाडी बसच्या मागोमाग चालली आहे, आपलं रोजचं काम असल्यासारखी. मी तनिषाला म्हटलं, "बघ, आपल्या अकरा नंबरच्या मागे आहेत."

मग चौथ्या वेळी लक्षात आलं. गाडी डावीकडे लेनमध्ये शिरते तेव्हा इंडिकेटर लागत नाही.

तुला माहीत आहे ना, हे आमच्या ड्राइव्हमध्ये शिरतानाही इंडिकेटर द्यायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. मी चिडवायचे, "कोणाला दाखवताय, मांजराला?" तर म्हणायचे, "मांजराने तरी का अंदाज करत बसावं?" तो माणूस इंडिकेटर न देता बस लेनमध्ये शिरला. म्हणजे त्यांचं डोकं जाग्यावर नव्हतं. आणि मी त्यांच्या शेजारी झोपत होते, त्यांना जेवायला वाढत होते, मला ते कळलं नाही. मी मात्र चावीवरून भांडत होते.

काल हॉलमधलं त्यांचं पंचवीस वर्षांचं सेफ ड्रायव्हिंगचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं. कपाटात पालथं ठेवलं आहे. त्याच्याकडे बघितलं की व्हिडिओ दिसतो. गाडीचंही आता काहीतरी करावं म्हणते. कोणाला तरी देऊन टाकू.

तू म्हणाला होतास, नका बघू. तुझं ऐकायला हवं होतं.

काकू

&nbsp;

मिल्टन कीन्स
२२ मार्च २०२५

काकू,

सर्टिफिकेट परत भिंतीवर लावा. गाडी काका चालवत नव्हते. मी चालवत होतो.

हे मी चार महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. आता जसं झालं तसं लिहितो.

त्या दिवशी माझी कसलीही मीटिंग नव्हती. तुम्ही गेल्यावर काका जेवले नाहीत, थोडा चहा घेऊन झोपले. मी आधीच एर्डिंग्टनच्या एका जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरशी बोलून ठेवलं होतं. काका गाडी सोडणार नाहीत आणि तुम्ही दोघं रोज त्यावरून कुरकुर करणार, त्यापेक्षा गाडी परस्पर दाखवून किंमत ठरवून टाकावी असं मी ठरवलं होतं. त्यांना न विचारता. चावी समोर खिळ्यावर होती. मला वाटलं ती तिथेच असते. सव्वा अकराला निघालो.

मला बर्मिंगहॅमचे रस्ते काकांच्या बसमुळे माहीत झाले. वडील गेल्यावर पंधराव्या वर्षी तुम्ही मला इकडे आणलंत तेव्हा शनिवारी मी अकरा नंबरमध्ये पुढच्या सीटवर बसून पूर्ण फेरी मारायचो. त्यानंतर गाडी शिकलो ती मिल्टन कीन्सला. तुमच्या इथे मी अजूनही बसच्याच रस्त्याने जातो, दुसरा रस्ता मला येत नाही. पुढे बस होती, ती डावीकडे गेली, मीही गेलो. पाटी पाहिली नाही. इंडिकेटर दिला नाही तो मी.

डीलरकडे वेळ लागला. परत आलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. काका स्वयंपाकघरात जमिनीवर होते. किती वेळ होते ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते फ्रीजच्या बाजूला तोंड करून पडले होते. तिथून खिळा दिसतो. खिळा रिकामा होता, चावी माझ्या हातात होती. ते एवढंच म्हणाले, "आलास?"

मी अँब्युलन्सला फोन केला. वीस मिनिटांनी तुम्ही आलात. तुम्ही विचारलं तर काकाच म्हणाले, "आत्ताच पडलो, उदय वर होता." मी ते तसंच राहू दिलं. मीटिंग आणि हेडफोन मी नंतर जोडले, कारण वर होतो म्हटल्यावर ऐकू कसं आलं नाही ते सांगावं लागणार होतं. तुम्ही अँब्युलन्सवाल्यांशी बोलत होतात तेव्हा मी चावी परत लावली.

हॉस्पिटलमध्ये चौथ्या दिवशी तुम्ही हात धुवायला गेला होतात. काका डोळे मिटून होते. एकदम म्हणाले, "दुसऱ्या गिअरला जरा अडते, नाही?" मी हो म्हणालो. त्यांना सगळं कळलेलं होतं. मला माफी मागायला सात दिवस होते. मी रोज फळं घेऊन आलो.

तुमचं चावीचं पत्र आलं तेव्हाच मी लिहायला हवं होतं. उलट तुमची समजूत घातली. तुम्ही माझा गुन्हा स्वतःकडे घेत होतात आणि मी तो घेऊ दिला. व्हिडिओत चेहरा दिसत नाही हे मी आधी बघून घेतलं, मग तुम्हाला लिहिलं.

मी कौन्सिलला आजच खरं लिहून पाठवलं आहे. गाडी मी चालवत होतो, काकांचं नाव काढून माझं घाला, दंड मला लावा. शिल्पाला काल रात्री सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं.

तुम्ही उत्तर दिलं नाही तरी मी समजेन.

उदय

&nbsp;

मिल्टन कीन्स
१२ एप्रिल २०२५

काकू, नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. तनिषाला मेसेज करून तुम्ही बऱ्या आहात एवढं विचारून घेतलं. तिने "शी इज ओके, शी इज कुकिंग" असं लिहिलं. त्यावर समाधान मानलं.

हे पत्र कौन्सिलचं उत्तर आलं म्हणून लिहितो. त्यांनी दंड रद्द केला आहे. कोर्टातली नोंदही काढून घेतली. काकांच्या नावावर आता काही नाही. कागद सोबत आहे, तो तुमच्याकडे असावा.

पण माझ्या नावावरही काही नाही. मी फोन करून विचारलं. तो माणूस चांगला होता, त्याने समजावून सांगितलं. बस लेनचा दंड ज्याच्या नावावर गाडी असते त्याला लागतो, चालवणाऱ्याला नाही. मालक वारला की प्रकरण संपतं. मी म्हटलं, "पण मी कबूल करतोय." तो म्हणाला, "सर, आमच्या फॉर्मवर त्यासाठी जागा नाही." मग म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस."

मी फोन ठेवला. मला वाटलं होतं, निदान तिथे तरी काहीतरी भरता येईल.

तुम्हाला मी काही मागत नाही.

उदय

&nbsp;

हॉल ग्रीन
२८ एप्रिल २०२५

उदय,

तुला माफ केलं असं लिहायला तीन वेळा बसले. लिहवलं नाही. म्हणून ते सोडून बाकीचं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात फ्रीजकडे तोंड करून खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. खिळा दिसतो. तू म्हणतोस ते बरोबर आहे. किती वेळ असतील ते तुला माहीत नाही, मलाही नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. हे आपण दोघांनी असंच जवळ बाळगायचं आहे. राग मला अजून येतो. सकाळी चहा करताना येतो. गाडी विकायची होती तर त्यांच्या तोंडावर बोलायचं होतंस. ओरडले असते, दोन दिवस जेवले नसते, मग तुझ्याबरोबर स्वतः डीलरकडे आले असते आणि किंमत वाढवून घेतली असती. तू त्यांना म्हातारं समजलास. आणि मी त्यांना वेडं समजले. दोघांनीही विचारलं नाही.

पण एक गोष्ट तू मला परत दिलीस. त्यांनी चावीला हात लावला नाही. म्हणाले होते, हात नाही लावणार, आणि नाही लावला. हे वाचल्यावर मी आधी रडले, मग उठून सर्टिफिकेट लावलं. ते थोडं वाकडं लागलं आहे. त्यांना चाललं नसतं.

आता माझं ऐक. मीही तुझ्यापासून एक लपवलं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या शनिवारी हे मला म्हणाले, "गाडी उदयला दे." मी म्हटलं, त्याला कशाला, त्याच्याकडे आहे की. तर म्हणाले, "असू दे. त्याला दुसरा गिअर जमत नाही, शिकेल." मला तेव्हा काही समजलं नाही, मला वाटलं औषधाच्या गुंगीत बोलतायत. आणि तुला मी सांगितलं नाही, कारण ती गाडी दारातून गेली असती तर दार मोकळं झालं असतं. मागच्या महिन्यात तर मी ती कोणालाही देऊन टाकायला निघाले होते. त्यांनी कोणाला द्यायला सांगितली होती ते माहीत असून.

म्हणजे तू काय करून आलास ते समजूनही त्यांनी ती तुलाच दिली. याचं काय करायचं ते तुझं तू बघ. फॉर्मवर जागा नाही म्हणतोस, मग काय झालं? मला बुधवारी डे सेंटरला जायचं असतं. बस दोनदा बदलावी लागते, आणि आता गुडघा चढू देत नाही. तू बुधवारी ऑफिसचं काम घरून करतोस असं शिल्पा म्हणाली. सकाळच्या ट्रेनने ये, मला सोड, वर बसून काम कर, दुपारी न्यायला ये. दर बुधवारी जमणार नाही, हे मला माहीत आहे. जमेल तेवढे बुधवार.

मी मागच्या सीटवर बसेन. पहिले काही दिवस बोलेनच असं नाही, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. कौन्सिलचा कागद यांच्या ट्रेमध्ये ठेवला आहे, तुझं पाकीट शनिवारी सुरीने फोडून.

चावी खिळ्यावर आहे. वळताना इंडिकेटर दे.

काकू